सावधानताईचा भुताचा सिनेमा

तिचं खरं नाव कंपनीच्या ओळखपत्रावर होतं आणि ते तिथेच राहिलं. कारखान्यात, कँटीनमध्ये, थेट मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत सगळे तिला सावधानताई म्हणत. नाव चिडवण्यासाठी पडलं होतं. तिने ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं, आणि मग चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

कंपनी घरगुती यंत्रं बनवायची. इस्त्री, मिक्सर, गीझर, कपडे धुण्याचं यंत्र. खोकं उघडलं की वरच जी पातळशी पुस्तिका असते आणि जी बहुतेक लोक न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतात, ती लिहिण्याचं काम तिचं. पुस्तिका कोणी वाचत नाही, हे तिला कधीच मान्य झालं नाही. "वाचत नाहीत ते हात भाजून घेतात," असं ती शांतपणे सांगायची. ते खरंच असल्यामुळे पुढे बोलणं खुंटायचं.

तिचा एक नियम होता आणि त्यावर ती कोणाचंही ऐकून घ्यायची नाही. आधी सावधान, मग कृती. विभागात नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी 'झाकण उघडा, मात्र त्याआधी बटण बंद केल्याची खात्री करा' असं लिहिलं होतं. भर मीटिंगमध्ये तिने त्यांना विचारलं, "तुम्ही वाक्य शेवटपर्यंत वाचून झाकण उघडता, की वाचता वाचता?" गृहस्थ विचारात पडले. "वाचता वाचताच," ती म्हणाली. "सगळं जग वाचता वाचताच उघडतं. म्हणून धोका आधी सांगायचा." त्यानंतर त्या विभागात कोणी 'मात्र' लावून वाक्य लिहिलं नाही.

अशी ही बाई. राहायची एकटी, आणि त्यात तिला काही कमी पडत नव्हतं. स्वभाव ठाम, चाल भरभर, आणि आपण जे करतो ते नीटच करतो याबद्दल मनात शंका अशी नाहीच. तिला भुताचे सिनेमे आवडतात, हे कळलं की लोक हसायचे. त्यांना पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. लहानपणी तिने भुताचे पुष्कळ सिनेमे ऐकले होते, पाहिला एकही नव्हता.

ते असं, की तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, भुताच्या सिनेमाचा भारी शौकीन. घरून पैसे मिळायचे ते एका अटीवर, धाकटीला बरोबर न्यायचं. धाकटीची तर पडद्यावर नुसतं जुनं घर आलं तरी गाळण उडायची. म्हणून दादाने तोडगा काढला. भीतीची जागा आली की तो आपला तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवायचा आणि कानाशी लागून पडद्यावर काय चाललंय ते सांगायचा. त्या हाताला सायकलच्या चेनच्या तेलाचा वास असायचा. "आता ती जिना चढतेय. वर कोणी नाही. म्हणजे मला तरी दिसत नाही." आणि तो मध्येच थांबायचा. चणे चघळत बसायचा. ती अंधारात तडफडायची, "दादा, गेलं का?" दादा म्हणायचा, "अजून नाही. थांब, सांगतो."

पुढे मोठेपणी त्यातले एकदोन सिनेमे तिने स्वतः बघितले तेव्हा तिला कळलं की दादाने तिला चक्क थापा मारल्या होत्या. त्याने सांगितलेली निम्मी भुतं सिनेमात नव्हतीच. पडद्यावरची भुतं होती ती पांढऱ्या साड्यांची आणि बावळट. दादाची चांगली होती.

दादा पुढे गाडी शिकवणारा झाला. उभं आयुष्य शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढलं. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, हे ठाऊक असेलच. घामाघूम झालेले कारकून, हट्टी पेन्शनर, नव्या नवरीसारख्या लाजणाऱ्या डॉक्टरीणबाई, सगळ्यांना त्याने रस्त्याला लावलं. मग काचबिंदू झाला. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग लायसन्स गेलं, मग उरलेलं सगळं.

दादाने रडगाणं गायलं नाही. घरच्यांनीच मनावर घेतलं. वहिनीने सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. सावधानताईने स्वतः येऊन टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज चिकटवला, कपाटाच्या दारांना गोल मुठी बसवल्या, आणि वहिनीला शिकवलं की दादाच्या हातात काहीही देण्याआधी ते काय आहे, किती गरम आहे, कपाचा कान कुठल्या बाजूला आहे, हे सांगायचं. त्या घरात मग दिवसभर एकच शब्द ऐकू यायचा. सांभाळून. सांभाळून, खुर्ची आहे. सांभाळून, चहा कढत आहे. सांभाळून, पुढे मी आहे.

दादा हळूहळू खिडकीजवळच्या खुर्चीत बसता झाला आणि तिथून उठेनासा झाला. रेडिओवर बातम्या लावायचा. एक बातमीपत्र संपलं की दुसऱ्या स्टेशनवर त्याच बातम्या पुन्हा. ज्या माणसाने गल्लीतल्या पोरांना गच्चीवर बसवून भुताच्या गोष्टी सांगितल्या, तो आता कोणी काही विचारलं तर "ठीक" एवढंच म्हणायचा. सावधानताई आठवड्याच्या सुट्टीला यायची, स्पंज नीट चिकटून आहेत ना ते दाबून बघायची, आणि घरी जायची. भाऊ तिच्या डोळ्यांसमोर विझत चालला होता, आणि कुठलीच सूचना कामाची नव्हती.

काम आलं ते आडवाटेने. तिच्या कंपनीने अंध ग्राहकांसाठी काही पुस्तिका आवाजात काढल्या होत्या. लिहिल्या तिने आणि वाचल्याही तिनेच, कारण बाहेरून आणलेली निवेदिका 'तळाचा स्क्रू' हे शब्द असे म्हणायची की जणू प्रेमपत्र वाचतेय. रेकॉर्डिंग झालं चपलांच्या एका दुकानाखालच्या तळघरात. तिथल्या भिंतींना गालिचे ठोकलेले होते. तिथला रेकॉर्डिंगवाला अंगाने भरलेला, बोलायला बेताचा, आणि कामाच्या वेळी फक्त केळी खाणारा. "केळ्याचा आवाज होत नाही," तो म्हणायचा.

त्याचाच एके दिवशी फोन आला. "ताई, सिनेमाचं काम आहे. अंध प्रेक्षकांसाठी वर्णन लिहायचं. संवादांच्या मध्ये जी मोकळी जागा असते, तिथे पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं. थिएटरमध्ये त्यांच्या कानात यंत्र असतं, त्यात ऐकू येतं."

"कसला सिनेमा?"

"भुताचा."

सावधानताईने त्या क्षणी होकार दिला, आणि फोन ठेवून तडक दादाकडे गेली.

दादाने सगळं ऐकून घेतलं. रेडिओचा आवाज कमी केला, बंद नाही केला. "म्हणजे तू लिहिणार, तू बोलणार, आणि मी थिएटरात बसून ऐकायचं."

"हो."

"एकदा येईन. तुझ्यासाठी," दादा म्हणाला. "पण तिथे जर मला कंटाळा आला ना छोटे, तर सिनेमा हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. बाहेर चल म्हणायचं नाही, हवापालट म्हणायचं नाही. मला माझ्या खुर्चीत बसू द्यायचं. कबूल?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने मान हलवून नको नको अशी खूण केली.

"कबूल," सावधानताई म्हणाली. हरण्याचा विचार तिच्या डोक्यातही आला नाही.

सिनेमा साधा होता. एक बाई भाड्याच्या घरात एकटी राहायला येते. लांब पॅसेज, टोकाला अडगळीची खोली, तिचं दार धड लागत नाही. बाई दिवसा नोकरीवर जाते, संध्याकाळी येते, जेवते, आवरते. आणि दाराच्या आत काहीतरी आहे. सावधानताईने तो घरी बसून, खोलीतले सगळे दिवे लावून, भीती वाटली की बटण दाबून थांबवत थांबवत पाहिला. मग झपाट्याने लिहून काढला. तिचा हात बसलेला होता, वाक्यं भराभर येत गेली.

तळघरात तिने पहिली काही पानं वाचली तेव्हा रेकॉर्डिंगवाल्याचा चेहरा चमत्कारिक झाला. त्याने ती पुन्हा वाचायला लावली.

"बाई पॅसेजमध्ये येत आहे," तिने वाचलं. "थोड्याच वेळात दिवा जाईल. अडगळीच्या खोलीचं दार आतून जोरात ढकललं जाईल. बाईला इजा होणार नाही."

"ताई, हे जाईल, होईल काय आहे?"

"आधी सांगितलेलं बरं असतं."

"कोणाला बरं?"

"ऐकणाऱ्याला. डोळस माणसाला निदान दार दिसत असतं. ज्याला दिसत नाही त्याच्या कानावर एकदम किंकाळी आदळायची, हे काही माणुसकीला धरून नाही."

रेकॉर्डिंगवाल्याने एक केळं सोललं. ते पूर्ण खाल्लं. मग म्हणाला, "भावाला ऐकवून बघा."

तिने ऐकवलं. मुद्दाम वहिनीलाही बसवलं. लॅपटॉपवर सिनेमा लावला आणि जागच्या जागी आपलं वर्णन वाचत गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बघत होती. बराच भाग झाल्यावर ती मनापासून म्हणाली, "छान जमलंय हो ताई. अजिबात भीती वाटली नाही."

दादा हसला. कितीतरी महिन्यांनी हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "हे मी वाचलंय," तो म्हणाला. "गीझरच्या खोक्यात होतं."

"दादा, अचानक काही झालं तर त्रास होतो, म्हणून मी—"

"कोणाला होतो?" दादाने रेडिओकडे हात नेला आणि तो तसाच ठेवला. "दिवसभर मला सगळे पुढचं सांगत असता. पुढे खुर्ची आहे, पुढे उंबरा आहे, आता दार वाजेल, दचकू नका. दोन वर्षांत माझ्या आयुष्यात एकदम म्हणून काही घडलेलं नाही. मला साधं दचकायला मिळालेलं नाही, छोटे. आणि आता भूतसुद्धा तू आधी वर्दी देऊन पाठवणार."

वहिनीच्या हातातली घडी तशीच राहिली. सावधानताईला तोंडात मारल्यासारखं झालं. घरातले स्पंज, मुठी, कढत-कोमट सगळं तिचंच होतं. ती उठली तेव्हा दादाच पुन्हा बोलला, जरा मऊ आवाजात.

"माझ्या पायाखाली तो ब्रेक असायचा ना. शिकाऊ माणूस वळणावर आला की माझा पाय त्याच्यावर असायचाच. ठेवलेला. दाबलेला नाही. दाबला तर गाडी थांबते, पण त्या माणसाला गाडी येत नाही, कधीच येत नाही. आणि पाय काढूनच घेतला तर दोघंही खांबावर. सगळं काम त्या ठेवण्यात आहे. दाबण्यात काही अक्कल लागत नाही."

घरी जाताना ती रडली. रस्त्याने, चालता चालता, पर्सची साखळी घट्ट धरून. दादाला कंटाळा आला तर काय, हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला, आणि त्याचं उत्तर तिला स्पष्ट दिसत होतं. एक खिडकी, एक खुर्ची, आणि त्याच त्या बातम्या, शेवटपर्यंत.

पण ही बाई रडत बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली, लिहिलेलं सगळं बाजूला सारलं, आणि डोळ्यांना ओढणी बांधून सिनेमा लावला.

अंधारात तिला तो सिनेमा वेगळाच निघाला. दाराच्या ज्या धडामधुडूम आवाजांनी आधी तिची बोबडी वळली होती, ते आता नुसते आवाज होते. दार आपटलं, आपटलं. पण दर थोड्या वेळाने नळ वाहायचा, बंद व्हायचा, आणि दगडी ओट्यावर काहीतरी टेकल्याचा बारीक आवाज यायचा. ठक्. हा आवाज तिने पहिल्या वेळी ऐकलाच नव्हता. ओढणी काढून बघितलं तर सिनेमातली बाई दररोज रात्री आपला एकुलता एक ग्लास धुऊन ओट्यावर पालथा घालत होती. दिग्दर्शक सगळा उजेड दारावर पाडत होता आणि लोकांना दाराकडे बघायला लावत होता. भूत स्वयंपाकघरात होतं. शेवटी ओट्यावर दुसरा ग्लास यायचा होता, म्हणून तो पहिला ग्लास इतका वेळ, इतक्या बिनकामाच्या तपशिलासारखा, तिथे ठेवलेला होता. आणि सावधानताईने तिच्या वर्णनात ग्लासाचा उल्लेखही केला नव्हता. धोक्याशी संबंध नसलेली वस्तू पुस्तिकेत घेत नाहीत.

मग तिला सिनेमाचा तो सुरुवातीचा संथ भागही कळला, जो तिने दोन ओळींत उरकला होता. बाई पडदे लावते, बल्ब बदलते, आईला फोनवर घर आवडलं म्हणून सांगते. काही म्हणता काही घडत नाही. पण हे घर आधी ऐकणाऱ्याचं झालं नाही, तर त्यात काहीही शिरलं तरी त्याचं काय जातं? भुताच्या सिनेमावाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो आधी तुम्हाला घरी राहायला बोलावतो, चहा देतो, चपला काढायला लावतो, आणि मग दिवा घालवतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र तिला आपलीच जुनी पानं बघताना सापडली. काही पानांवर तिची वाक्यं आखूड होती, काही पानांवर धो धो वाहत होती. जिथे जिथे तिला भीती वाटली होती, तिथे तिथे शब्द वाढले होते. ऐकणाऱ्याला धीर द्यायला म्हणून लिहिलेले ते शब्द खरं म्हणजे तिने स्वतःलाच धीर द्यायला लिहिले होते. दिवे लावून, बटण दाबून, पुढचं आधी सांगून ती स्वतःच त्या पॅसेजमधून पळ काढत होती. लिहिणाऱ्याने पळ काढला की ऐकणारा तिथे एकटा राहत नाही, तो येतच नाही. हे एकदा लक्षात आल्यावर कुठे कापायचं ते शोधावं लागलं नाही. जिथे सर्वांत जास्त शब्द होते, तिथे तिने सुरी चालवली.

आणि तिला दादाचे चणे आठवले. ऐन वेळी गप्प बसून चघळलेले.

नवीन मसुदा घेऊन ती तळघरात गेली तेव्हा तिचा जुना ठामपणा परत आला होता. दर रात्रीच्या प्रसंगात आता एक वाक्य होतं, सगळीकडे सारखंच, कोणाच्या लक्षातही येऊ नये इतकं साधं. 'ओट्यावर ग्लास पालथा. एक.' दार यायचं तेव्हा ती दाराचं सांगायची, त्याला हवा तेवढा मान द्यायची. ग्लास आपला येत राहायचा.

रेकॉर्डिंगवाला शेवटाजवळ अडला. "इथे ग्लास आल्यावर तुमचं वर्णन एकदम बंद होतंय. बाईच्या मागे सावली येते, ती तुम्ही सांगतच नाही."

"सांगते. उशिरा सांगते."

"डोळस प्रेक्षकाला ती दिसते ताई. त्याला जे मिळतं ते आपल्या माणसाला मिळालंच पाहिजे."

हे म्हणणं रास्त होतं आणि तिने ते मान्य केलं. "पण त्याला ती कशी मिळते ते बघा," ती म्हणाली. "त्याला आधी वाटतं काहीतरी आहे, मग दिसतं. मी सावली आली म्हटलं की संपलं, ऐकणाऱ्याला वाटायला जागाच उरली नाही. मी त्याला आवाज ऐकू देणार, आणि मग फक्त बाई कशी उभी आहे ते सांगणार. सावली तो स्वतः आणेल. त्याच्यानंतर मी आहेच."

"एवढी शांतता ठेवली तर लोकांना वाटेल यंत्र बंद पडलं."

"वाटू दे. आपल्याशी बोलणारा माणूस मध्येच गप्प का झाला, याच्याएवढं भीतीदायक काय आहे?"

केळं त्याने बाजूला ठेवलं. आवाज जरा कापरा काढा, एवढीच सूचना त्याने केली, आणि ती तिने उडवून लावली. ती गीझरच्या पुस्तिकेच्या आवाजातच बोलणार होती. ओट्यावर काय आहे तेवढं सांगायचं. घाबरायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं.

सिनेमा लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाला ती दादाला घेऊन गेली. वहिनी आली नाही. "मला घरच्या काळज्या पुरेत," ती म्हणाली, पण दादाचा शर्ट तिने दोनदा इस्त्री केला होता. थिएटरच्या पायऱ्यांशी सावधानताई थांबली. 'सांभाळून' हा शब्द तिच्या जिभेवर आलेला होता. तो तिने गिळला आणि आपला हात दादाच्या कोपराजवळ नुसता धरून ठेवला, न लावता. दादा क्षणभर उभा राहिला. मग त्याने पाय पुढे सरकवला, पायरीची कड चाचपली आणि चढला.

आत अंधार, जुन्या खुर्च्यांच्या गाद्यांचा वास. दोघांनी कानात यंत्रं घातली. तिला त्याची काय गरज, पण आपल्या कामाची तपासणी ती नेहमी स्वतः करायची. सिनेमा सुरू झाला आणि तिच्या लक्षात आलं की आपण पडद्याकडे बघतच नाही आहोत, दादाच्या तोंडाकडे बघतोय.

त्या तोंडावर काही दिसत नव्हतं. बाईने पडदे लावले, बल्ब बदलला. दादाने खुर्चीत बूड सरकवलं. तो कंटाळला असेल का? दार पहिल्यांदा आपटलं आणि सगळं थिएटर किंचाळलं, मागच्या रांगेत कोणाचं तरी पाणी सांडलं. दादा ढिम्म. "दाराला काय घाबरायचं," तो पुटपुटला. मध्यंतरात तिने चणे हवेत का म्हणून विचारल्यावर तो नको म्हणाला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. संपलं, तिने मनात म्हटलं. खिडकी, खुर्ची, बातम्या. तिने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले. लिहिलेलं आता बदलता येण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते बदलायचंही नव्हतं.

पुढे एकदा ती पडद्याकडे वळली आणि पुन्हा बघते तर दादाचा उजवा पाय पुढे सरकला होता. पंजा उचललेला, टाच जमिनीवर. शिकाऊ माणूस वळणावर आल्यावर असायचा तसा.

शेवटची रात्र आली. अडगळीच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. बाईने ते ओढून घेतलं, कडी लावली, सुटकेचा श्वास सोडला. थिएटरभर लोकांनीही सोडला. बाई स्वयंपाकघराकडे वळली.

कानात सावधानताईचा कोरडा आवाज आला.

'ओट्यावर ग्लास पालथे. दोन.'

आणि मग काही नाही. संगीत नाही, शब्द नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी यंत्र बंद पडलं की काय म्हणून कानाशी हात नेला आणि तो तिथेच थांबवला. सावधानताई पडद्याकडे बघत होती. एवढ्यात शेजारून एक हात आला, तिच्या कपाळाला लागला, खाली घसरला आणि तिच्या दोन्ही डोळ्यांवर घट्ट बसला. हाताला आता तेलाचा वास नव्हता, साबणाचा होता.

"बघू नकोस," दादा कुजबुजला.

तिच्यापुढे काळोख झाला. त्या काळोखात दगडी ओट्यावरून एक ग्लास हळूहळू सरकल्याचा आवाज आला. मग तिचाच आवाज, गीझरच्या पुस्तिकेतला, म्हणाला, 'बाई दाराशी उभी आहे. दोन्ही हात तोंडावर.'

ही वाक्यं तिने स्वतः लिहिली होती, चारदा तपासली होती, तळघरात तीनदा वाचली होती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने दादाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, पण ओढलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "गेलं का?"

"अजून नाही," दादा म्हणाला. "थांब, सांगतो."